मानाचं पोवळं

बीडहून समुद्र किती लांब आहे असं बायनाबाईंना कुणी विचारलं, तर त्या किलोमीटर सांगत नसत. "मांजरसुंब्याच्या फुडं कुटंतरी हाय म्हनं," एवढंच सांगत. कारण समुद्र बघायचा म्हणून त्या जेवढ्या वेळा घराबाहेर पडल्या, तेवढ्या वेळा मांजरसुंबा येईपर्यंत त्यांना गाडी लागली. मग तिथल्या एका ढाब्याच्या बाजेवर डोक्याला ओला पदर बांधून त्या पडायच्या, मुलगा शहादेव हातात लिंबू घेऊन उभा राहायचा, आणि जरा वेळानं सगळी सहल शेवभाजी खाऊन घरी परतायची. ही मंडळी खास आपल्या शेवभाजीसाठी येतात, अशी त्या ढाबेवाल्याची प्रामाणिक समजूत होती.

शहादेव सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होता. अंगकाठी बेताची, आवाज मवाळ, पण मिशी मात्र त्याच्या हुद्द्यापेक्षा दोन श्रेणी वरची. साहेब बदलले, सरकारं बदलली, मिशीचा पीळ बदलला नाही. अशा माणसानं एका रविवारी सगळ्या बाजूंनी विचार करून निर्णय घेतला, की ज्याअर्थी आई समुद्राकडे जाऊ शकत नाही, त्याअर्थी समुद्रानंच आईकडे यावं.

"अहो, नुसता समुद्राचा फोटो लावला तर न्हाई का चालनार?" सत्यभामानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारून बघितलं. पण तोवर पुण्याहून टेम्पो निघालेला होता.

टेम्पोतून चार फुटी काचेची टाकी आली, समुद्राच्या मिठाच्या गोण्या आल्या, लाटा करणारे पंप आले, निळे दिवे आले, दोन नारिंगी मासे आले, आणि कायद्यात बसणारी, पावतीसकट आलेली, जिवंत मऊ पोवळी आली. पोवळं म्हणजे मंगळासाठी बोटात घालायचा लाल खडा, यापलीकडे कॉलनीचं ज्ञान नव्हतं. हा खडा जिवंत असतो, तोंड उघडतो, खातो आणि पोरंबाळंही करतो, हे ऐकून दोघातिघांनी आपापल्या अंगठ्या संशयानं निरखून पाहिल्या. निळ्या दिव्यांचा उजेड खिडकीतून रस्त्यावर पडू लागला तेव्हा एका गृहस्थानं दारावरची बेल दाबून "आत बसायची सोय हाय का?" असं विचारलं. सत्यभामानं त्याला जे उत्तर दिलं ते इथं देता येत नाही.

पण बायनाबाई! त्या नुकत्याच गावाकडून, उमापूरहून, मुलाकडे राहायला आल्या होत्या. टाकीसमोर खुर्ची टाकून ज्या बसल्या, त्या जेवायलाही उठेनात. एका दगडावर हिरव्या-केशरी बटणांएवढी शंभरेक तोंडं होती, त्यांना बारीक झालर, आणि कडेनं रोज एखादं नवं पिल्लू. बायनाबाईंनी त्या दगडाचं नाव ठेवलं लेकुरवाळी.

"समुद्र आसाच आसतो का रे, शहादेवा?"

"ह्याच्याहून जरा मोठा आसतो, माय."

"आसंल. पर येवढा देखना नसंल."

शहादेवचा ऊर भरून आला. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणून रोज सकाळी आरओच्या कॅनमधलं तांब्याभर गोडं पाणी वरून घालावं लागतं. हे काम त्यानं मोठ्या मानानं आईकडे सोपवलं. बायनाबाई आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, तुळशीला घालावं तसं समुद्राला पाणी घालू लागल्या. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, आणि श्रावण लागता लागता ती लागलीच.

आधी लेकुरवाळीची कडेची पिल्लं मिटली. मग मधली मिटली. मग बाकीची पोवळी आखडली, रंग विटला, आणि चार फूट समुद्रात दोन मासे तेवढे मजेत फिरत राहिले. मासे ठणठणीत आणि पोवळी आजारी, हे काय गौडबंगाल आहे ते शहादेवला कळेना. त्यानं मिठाचं प्रमाण मोजलं, बरोबर होतं. पाण्याच्या बाकीच्या तपासण्या केल्या, त्याही बरोबर. पाणी फार तापलं असेल म्हणून बेडरूममधला टेबलफॅन आणून टाकीवर वारा सोडला. त्यामुळं पाणी गार झालं आणि सत्यभामा तापली. "समुद्राला वारा आन् मला घाम. असू द्या, असू द्या," असं म्हणत ती वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची.

आजारी माणसाला बघायला यावं तसे लोक येऊ लागले. त्यात पहिला मान अर्थातच अर्जुनरावांचा. अर्जुनरावांचं बस स्टँडजवळ कृषी सेवा केंद्र, कॉलनीच्या मागं शेती, दारात खिलारी बैलांची जोडी, आणि ते पंचायत समितीचे माजी सदस्य. माजी झाल्यापासून तर ते जास्तच सदस्य वाटत. त्यांनी काचेला नाक लावलं, कपाशीची ओळ बघावी तसं इकडून तिकडं बघितलं आणि निदान केलं.

"करपा हाय. मुळी कुजली."

"त्याला मुळी नसती, अर्जुनराव."

"नसती? मंग तर कुजनारच की बे!"

अर्जुनरावांनी दुकानातून मोरचुदाची पुडी पाठवून देतो म्हणून सांगितलं, चुन्यात कालवून एक फवारा मारला की कसलीही बुरशी जागेवर बसते म्हणे. शहादेवनं हात जोडून नको म्हटलं. अर्जुनरावांचं औषध कुणी नको म्हणणं ही पंचक्रोशीतली पहिलीच वेळ असावी. त्यांचा चेहरा पडला. आणि अर्जुनरावांचा पडलेला चेहरा ते एकटे कधी उचलत नाहीत, त्याला चार माणसं लागतात.

ती चार माणसं संध्याकाळी चहाच्या हॉटेलात होती. "ह्या दुष्काळी रानात समुद्र रुजत नसतो," अर्जुनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोळ्यापस्तोर तुझी पोवळी खलास. लिहून घे."

शहादेव मवाळ माणूस. पण मिशीला तसं वाटलं नसावं, कारण ती थरथरली आणि तिच्यामागून शब्द आले, "पोळ्याला पोवळी फुलली न्हाईत तर मिशी काढीन!"

कढईतला वडाही तळायचा थांबला, असं म्हणतात.

"आन् फुलली तर?" कुणीतरी विचारलं.

आता अर्जुनरावांनी माघार कशी घ्यायची? कॉलनीच्या पोळ्याला मारुतीसमोर तोरण बांधतात, सगळ्यांचे बैल रांगेत उभे राहतात, आणि तोरणाखालून पहिली जाते ती मानाची जोडी. हा मान अर्जुनरावांच्या घरात त्यांच्या आजोबांपासूनचा. तो गेला तर पंचायत समिती गेल्याहून वाईट. पण चार माणसं बघत होती. "फुलली तर माझ्या बैलांआधी तुझं ते समुद्रातलं जनावर तोरनाखालून जाईल," अर्जुनराव म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "जनावर आसलं तर!"

हा शेवटचा टोमणा शहादेवच्या जिव्हारी लागला. जनावर नसेल तर पैज जिंकूनही हरली. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, मोबाईलमध्ये लेकुरवाळीचा फोटो घेऊन तो निघाला. दुखण्याला औषध मिळावं आणि जातीला दाखला मिळावा, असे दोन हेतू. शेतीच्या कचेरीत सांगितलं, की हे पीक आमच्या यादीत नाही, आणि असलं तरी पेरा कधी झाला ते आधी सांगा. माशांच्या कचेरीत तलाव किती हेक्टर म्हणून विचारलं. शहादेवनं चार फूट सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवणाऱ्या माणसाला आपण स्वतःच टेबलं मोजतोय याची गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

शेवटी तो जनावरांच्या दवाखान्यात रामकिसन डॉक्टरांकडे गेला. हे त्याचे शाळेतले मित्र.

"कानात बिल्ला हाय का?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"कानच न्हाईत."

"मंग शिंगाचं वर्णन सांग."

"रामकिसन, तोंडं तेवढी हायत. शंभरेक."

डॉक्टरांनी फोटो नीट पाहिला, कॉलेजात शिकलेलं आठवून पाहिलं, आणि खरं बोलले. "हे बघ, जनावर तर हाय. शंभर टक्के जनावर हाय, झाड न्हाई की दगड न्हाई. पर माझी मजल गाभण म्हशीच्या फुडं जात न्हाई. ज्याच्याकडून आनलं त्यालाच इचार." आणि त्यांनी आपल्या लेटरहेडवर 'सदर पोवळे हा प्राणी आहे' असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. जातीचा प्रश्न मिटला. जीव राहिला.

पुण्याच्या दुकानदारानं सगळं ऐकून एकच विचारलं, "मासे बरे आणि पोवळी आजारी? टाकीत कुठं तांबं जातंय का? पोवळ्यांना तांब्याचा कणही चालत नाही. मोरचूद वगैरे तर नाही ना टाकलं? त्यात तांबंच असतं."

शहादेवनं मनातल्या मनात अर्जुनरावांच्या न घेतलेल्या पुडीला नमस्कार केला आणि शर्टाच्या बाह्या वर करून, हातमोजे घालून टाकीत हात घातला. वाळूत नाणी निघाली! श्रावणाच्या तोंडावर उमापूरहून बायनाबाईंची बहीण छबुबाई आणि गाडीभर बाया समुद्र बघायला आल्या होत्या. गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडताना पुलावरून नाणं टाकतात, मग समुद्राला काहीच न टाकता कसं जायचं, म्हणून प्रत्येकीनं भक्तिभावानं एकेक टाकलं होतं. त्यात तांब्याच्या मिश्रणाची पिवळी नाणीही होती. चोर सापडला या आनंदात शहादेवनं त्या दिवशी मिशीला तेल लावलं, अर्धं पाणी बदललं आणि हॉटेलात जाऊन सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी लेकुरवाळीनं दोन तोंडं किलकिली केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मिटून घेतली. चहा फुकट गेला.

मग दुकानदारानं कुरियरनं पांढऱ्या वड्या पाठवल्या. वडी पाण्याच्या वाटेत ठेवायची, ती तांबं शोषून घेते, आणि तांबं असलं तर निळी पडते. शहादेवनं एक वडी ठेवली आणि सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठून बघायला गेला. वडी निळी-हिरवी झाली होती. आणि टाकीसमोर माय उभी होती.

बायनाबाई नाहून, पदर घेऊन, उमापूरहून आणलेल्या त्यांच्या तांब्याच्या घागरीतून तांब्यानं पाणी काढून टाकीत घालत होत्या. रात्रभर घागरीत मुरलेलं पाणी. आरओचा कॅन कोपऱ्यात जसाच्या तसा भरलेला होता.

"माय, हे पानी कावून?" शहादेवनं कॅनकडं बोट दाखवलं.

"आरं, ते मशिनीचं पानी मेल्यालं आसतंय. त्यात काय सत्त्व? आमी जल्मभर तांब्याचंच पानी पेलोत, म्हनून तर ह्या वयात हिंडतोय. लेकरं सुकाया लागली तवापासून मी दोन दोन तांबे घालतीय बघ. तरी बरी व्हईनात." आणि त्यांनी काचेवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

आता सांगा, काय बोलायचं? जिच्यासाठी समुद्र आणला, तीच मायेपोटी त्याला विष घालत होती, आणि तो जेवढा तडफडत होता तेवढं जास्त घालत होती. हे तिला सांगायचं? शहादेवला ते जमणं शक्य नव्हतं. मिशी पुन्हा उगवते, असा त्यानं मनाशी हिशोब केला, आणि तो म्हणाला, "माय, घागर लई मळलीय. कल्हई करून आनतो." घागर स्कूटरवर पायांत धरून त्यानं कचेरीत नेली आणि रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींच्या मागं दडवली. शिपायानं कसली घागर म्हणून विचारलं तर "प्रलंबित प्रकरण" म्हणून सांगितलं.

मग तो झपाटल्यासारखा कामाला लागला. रोज थोडं थोडं पाणी बदललं, रोज नवी वडी ठेवली. आधीची वडी गडद निळी निघाली, मग फिकी, मग आणखी फिकी. पाणी स्वच्छ होत होतं. पण लेकुरवाळी काही तोंड उघडेना, आणि पोळा उद्यावर आला.

खांदेमळणीच्या संध्याकाळी अर्जुनराव आपली चार माणसं घेऊन आले. बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून ते थेट इकडेच आले होते, हातांना अजून वास होता. "काय मंग, शहादेवराव? न्हाव्याला सकाळी सांगू का दुपारी?"

सत्यभामानं चहा आदळला.

"बरं, रोग काय निघाला ते तरी सांग. माझा करपा बरोबर व्हता का न्हाई?"

शहादेवच्या हातात नुकतीच काढलेली वडी होती. ती त्यानं मुठीत दाबली. "काही न्हाई. आमच्याकडूनच चुकी झाली," तो म्हणाला. "माझीच चुकी."

खुर्चीतून बायनाबाईंनी त्याच्या मुठीकडं बघितलं. बोटांच्या फटीतून वडीची फिकी निळी कड दिसत होती.

"काय हाय रे मुठीत? दाव."

"काही न्हाई, माय."

"शहादेवा, दाव."

सत्तेचाळीस वर्षांच्या वरिष्ठ लिपिकानं मूठ उघडली. बायनाबाईंनी वडी हातात घेतली, उजेडात धरली, नाकाशी नेली.

"ही तर कळक हाय," त्या म्हणाल्या. "तांब्याच्या भांड्यात ताक ऱ्हायलं की आशीच निळी कळक धरती. आंबटाला आन् खाऱ्याला तांबं चालत न्हाई, हे मला सासूनं पयल्याच साली चिमटा काढून शिकिवलंतं." त्यांनी टाकीकडं बघितलं, मग मुलाकडं. "घागरीला कल्हई म्हनालास तवाच मला कळाया पायजे व्हतं. पान्याच्या घागरीला कल्हई करत्यात व्हय रे, येड्या? माझ्याच पान्यानं कळकलं ना समदं?"

"माय, तुला काय म्हाईत..."

"मला न्हाई म्हाईत तर कुनाला म्हाईत?" बायनाबाई कडाडल्या. मग आवाज उतरला. "आन् तू माझ्यापायी मिशी द्याया निगालास."

शहादेवनं मान खाली घातली. बायनाबाई काठी टेकत उठल्या आणि अर्जुनरावांकडं वळल्या. "रोग इचारत व्हतास ना? रोग मी व्हते. आता रोग गेला. तू उंद्या बैल घिऊन ये, मी बघते कुनाची मिशी जाती ते."

अर्जुनराव चार माणसांसकट उठले. जाताना चहा तसाच राहिला, ही त्यांच्या इतिहासातली दुसरी नवलाची गोष्ट.

मग बायनाबाईंनी सत्यभामाकडून हळद मागितली, आणि शहादेव धावत टाकीला आडवा आला. पण त्यांनी हळदीचं बोट काचेला बाहेरून लावलं. आत काही घालायचं नाही, हे आता त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. खांदेमळणीला बैलाच्या कानाशी जे बोलतात, तेच त्या काचेशी तोंड नेऊन लेकुरवाळीला म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उंद्या जेवाया या."

शहादेवला झोप कसली लागते? दिवे ठरलेल्या वेळी लागतात आणि पोवळी उजेडाशिवाय तोंड उघडत नाहीत, हे माहीत असून तो सकाळपासून टाकीसमोर घिरट्या घालत होता. दिवे लागले. काही नाही. सत्यभामानं पुरणाचं वाटण काढलं. काही नाही. रस्त्यावर घुंगरमाळा वाजू लागल्या, शिंगांना रंग दिलेले, झुली पांघरलेले बैल मारुतीकडं निघाले, आणि लांबून डफड्याचा आवाज येऊ लागला. शहादेवनं आरशासमोर उभं राहून मिशीचा निरोप घ्यायला सुरुवात केली.

"अहो!" सत्यभामा ओरडली. तिचे हात पुरणानं भरले होते. "अहो, मिटलेलं उघडलं!"

कडेचं एक पिल्लू उघडलं होतं, नखाएवढं, केशरी. मग त्याच्या शेजारचं. मग जणू आतून कुणी हाक मारत आल्यासारखी एकामागून एक तोंडं उघडत गेली, हिरव्या झालरी पसरल्या, आणि बघता बघता लेकुरवाळी दगडभर फुलली. सत्यभामा पुरणाच्या हातांनीच टाळ्या पिटत होती. बायनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शहादेवला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं.

"चला," बायनाबाई म्हणाल्या. "तोरनाखाली कोन जानार?"

लेकुरवाळीचा एक तुकडा मागंच वेगळा वाढत होता. शहादेवनं हातमोजे घालून तो अलगद काढला. सत्यभामानं पुढं केलेलं स्टीलचं पातेलं बायनाबाईंनी दूर सारलं. "धातूचं नावच नगं. लोनच्याची काचंची बरनी आन. आन् चांगली धू, नायतर म्हनतील खारात घातलं." बरणीत समुद्राचं पाणी भरलं, तुकडा ठेवला, गळ्यात झेंडूची माळ घातली.

मारुतीसमोर अख्खी कॉलनी उभी होती. अर्जुनरावांची जोडी रांगेत पहिली, शिंगांना गोंडे, पाठीवर आरशांची झूल. अर्जुनराव न्हाव्यालाही सोबत घेऊन आले होते. त्यांनी बरणी पाहिली, वाकून आत पाहिलं. बरणीतली झालर हलत होती.

"हे जनावर हाय कशावरून?" चारांपैकी एकजण क्षीण आवाजात म्हणाला. शहादेवनं खिशातून रामकिसन डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा दाखला काढला. गर्दीत हशा पिकला.

अर्जुनरावांनी एकदा आपल्या बैलांकडं बघितलं. मग डोक्याची टोपी नीट केली, आणि काही झालं तरी ते शब्दाचे पक्के, त्यांनी स्वतःच्या हातानं कासरा ओढून जोडी बाजूला घेतली. "मान तुमचा, काकू. व्हा फुडं."

डफडं कडाडलं. ऐंशी वर्षांच्या बायनाबाई लोणच्याची बरणी छातीशी धरून तोरणाखालून गेल्या, त्यांच्यामागं मिशीला पीळ देत शहादेव, त्याच्यामागं सत्यभामा, आणि मग मानाची जोडी. पोळा फुटला. बैल धावले, पोरं ओरडली, आणि गर्दीत कुणीतरी "समुद्रमाता की जय" अशी आरोळीही ठोकली. अर्जुनरावांनी दोन दिवसांत चौकात फलक लावला, 'पोवळ्यांच्या फुलण्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यात लेकुरवाळी कोपऱ्यात अंगठ्याएवढी आणि शुभेच्छुक म्हणून अर्जुनराव पाच फुटी होते. पण ते चालायचंच.

पण त्या दिवशी, तोरणाखालून निघाल्यावर मारुतीच्या पाराजवळ बायनाबाई दम खायला टेकल्या. शहादेवनं बरणी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिली नाही.

"येवढं चालले, येवढी गरदी, येवढी धूळ," त्या म्हणाल्या. "तरी मळमळलं का मला? न्हाई मळमळलं."

"न्हाई, माय."

"मंग आता गाडी काढ. आन् मांजरसुंब्याला थांबायचं न्हाई. ह्या लेकराचं म्हायेर बघायचंय मला."